मागून येणारा बाळासो

पन्हाळ्याच्या नाक्यावर हंबीररावांचा चहा संपला, तरी बाळासोचा पत्ता नव्हता.

"येत असंल की," टपरीवाला कृष्णात म्हणाला.

"येतोय कसला. वाटेत झोपला असंल."

हंबीररावांनी आपली सायकल टपरीला अशी टेकवली होती, की येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे. हिरवी, विलायती, पोलादी रेसर. त्यांच्या लग्नापेक्षा जुनी. असल्या तीन सायकली त्यांनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात पुढच्या सोप्यात टांगल्या होत्या. पाहुणा आला की ते नखानं नळीवर टिचकी मारत आणि नाद ऐकवत. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीला ते डबडं म्हणत. ती चालवणाऱ्याला त्याहून वाईट काहीतरी म्हणत.

शेवटी वळणावर बाळासो दिसला. त्याच्याखाली नवं कोरं डबडं होतं, एकवीस गिअरचं. उतरल्यावर त्यानं आधी हंबीररावांच्या तोंडाकडं बघितलं, मग चहा मागितला.

"एकवीस गिअर," हंबीरराव कृष्णातला म्हणाले. "माझे दहा. माझं वय पन्नासच्या पुढं, ह्याचं तिशीत. आता सांग, पोलाद खरं का पत्रा?"

"तुमचंच खरं, दाजी," बाळासो म्हणाला.

हंबीररावांना त्याचं हेच आवडत नसे. धड वादही घालत नव्हता.

बाळासो मूळचा आजऱ्याचा. दोन वर्षांमागं दूध संघात बदली झाली आणि तो पेठेत भाड्यानं राहायला आला. हंबीररावांची बायको अनुजाही आजऱ्याचीच, म्हणून तो तिला अक्का म्हणे. रविवारी ह्याला बरोबर न्या, असं तिनंच सांगितलं होतं. माहेरचा माणूस, म्हणून हंबीररावांनी नेलं. पुढं त्यांना त्याची सवय झाली. आपण किती जोरात चढतो हे कळायला मागं कुणीतरी लागतंच.

पेठेत तालमीच्या कट्ट्यावर ते बाळासोच्या देखतच सगळ्यांना सांगत, "हा आमचा मागचा डबा. आजऱ्याचे काजू फोडायचं सोडून सायकलीवर बसलाय." कट्टा हसायचा. बाळासोही थोडा हसायचा. मग पोरं त्याला येता-जाता मागचा डबाच म्हणू लागली. एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीजवळ हंबीरराव बुटाची नाडी बांधायला थांबले, तर हा पंचवीस पावलं मागं पाय टेकून उभा. पुढं जायची आयती संधी, पण गेला नाही.

"ह्याच्यात रगच न्हाय," ते घरी येऊन म्हणाले. "तुमच्या आजऱ्याचं पाणीच तसलं."

अनुजा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मार्चमधल्या एका रविवारी वाघबीळ सोडून ते पन्हाळ्याच्या चढाला लागले. ऊन अजून कोवळं होतं. हंबीररावांनी मुद्दामच जड गिअर टाकला होता. हलक्या गिअरवर चढणं त्यांना बायकी वाटे. अर्ध्या चढावर छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. डावा हात जड पडला. ते उतरले, साखळीची बाजू वर ठेवून सायकल हळूच आडवी केली आणि कठड्याला टेकून बसले. मग बसवेना.

डोळे उघडले तेव्हा बाळासो समोर होता. आज एवढ्या लवकर कसा आला, याचं त्यांना त्याही अवस्थेत नवल वाटलं.

"बोलू नका. ही जिभेखाली धरा." बाळासोनं खिशातल्या डबीतून गोळी काढून त्यांच्या तोंडात दिली, मान सरळ केली आणि रस्त्यानं निघालेल्या दोन बायकांना त्यांच्याजवळ बसवलं. मग तो सायकलीवर टांग टाकून वर नाक्याकडं गेला. हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं कृष्णात जीप घेऊन खाली आला. मागं बाळासो बसला होता.

कोल्हापुरात दवाखान्यात डॉक्टर चिडले. "दोन वर्षांमागं तुम्हाला चढ बंद करायला सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही?"

डॉक्टर बाहेर गेल्यावर हंबीरराव अनुजाला म्हणाले, "त्याला सायकलीतलं काय कळतंय?"

"निजा आता."

"बाळ्यानं जीव वाचवला, हे कबूल. पण नशीब माझं. कधी न्हाय ते गडी वेळेवर पोचला. न्हायतर त्याची वाट बघत तिथंच गेलो असतो." त्यांना हसू आलं आणि छाती दुखली. "बरा झालो की त्याला एक जुनी पोलादी बघून देतो. डबडं सोडलं तर जरा तरी पुढं सरकंल."

अनुजानं त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि दार लोटून ती बाहेर आली.

बाळासो बाकावर बसला होता. तिनं थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला.

"डॉक्टर म्हणतात, आता सायकल बंदच," ती म्हणाली.

"ऐकतील?"

"न्हाय. दोन महिन्यांत परत चढाला लागतील. मला ठाऊक हाय."

बाळासोनं चहा संपवला. पेला बाकावर ठेवला.

"मग मी हाय की अक्का. पैल्यासारखाच मागनं जातो, गोळ्या घेऊन. पण एक मागणं हाय." तो जरा घुटमळला. "मे महिन्याच्या शेवटाला आजऱ्याला घाटाची रेस हाय. ही दोन वर्षं सोडली तर तिथं माझा पैला नंबर कधी चुकला न्हाय. तेवढा एक रविवार मला पुढं जाऊ द्या."