तांदळातलं नाव

दिराच्या लग्नादिवशीच पुण्याच्या संशोधन संस्थेचं पत्र शिरूरला आलं. “डॉ. प्रतिभा पलांडे, फॅमिली मेडिसिनमधल्या तुमच्या निबंधांचे इतरांनी दिलेले संदर्भ मोजले: शून्य. सविता शितोळे यांचे त्रेचाळीस निघाले. त्या तुम्हीच असाल तर पुरावा पाठवा, नाहीतर नेमणूक नाही.” दौंडच्या सविताचं नाव सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अकरा वर्षांपूर्वी याच घरात बदलून प्रतिभा केलं होतं. नवरा कुजबुजला, “जुनं नाव काढू नकोस, आबांना लागंल.” तेवढ्यात आबांनी तांदळाचं ताट पुढं केलं. “डॉक्टरीणबाई, नव्या सुनेसाठी झोकदार नाव सांगा!” दीर अंगठीनं लिहायला वाकला. तिनं नवरीला विचारलं, “शाळेत हजेरीला काय म्हणायचे गं?” “दमयंती.” “तेच लिहा, भाऊजी.” “मग बदललं काय?” आबा हसले. तिनं पत्र त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून आबांनी ते शेवटपर्यंत वाचलं. “पण ही सविता कोण?”