दारापर्यंत

दाराच्या मुठीवर हात ठेवून मालक थांबले. आता मागून हाक यायला हवी होती.

गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. "सौदा अडला की उठायचं, बॅग उचलायची, दाराकडे निघायचं. सावकाश. मूठ धरेपर्यंत समोरचा 'अहो, बसा हो' म्हणतोच."

गुरुजी म्हणजे वाटाघाटी शिकवणारे प्रशिक्षक. मालकांचा खोक्यांचा कारखाना विकायला निघाला होता. गिऱ्हाईक एकच उरलं होतं, तेही गुरुजींनीच सुचवलेलं. हा सौदा मोडला तर कारखान्याला टाळं. म्हणून ही शिकवणी. फी गुरुजींनी अर्धीच घेतली. "उरलेली वसूल होईल," म्हणाले. मालकांना माणूस देव वाटला.

तालीम मालकांच्याच केबिनमध्ये झाली. त्यांच्या खुर्चीत गुरुजी, समोरच्या खुर्चीत ते. मालक माणसाला समोरच्या खुर्चीची सवय नसते. गुडघे कुठे ठेवायचे इथपासून शिकवावं लागलं. उठा, बॅग, दार. पुन्हा. "चेहरा जरा पडलेला हवा," गुरुजी म्हणायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यासमोर कुणी केलंय का असं?"

मालक खो खो हसले. "एक कारकून होता. बायकोच्या ऑपरेशनसाठी उचल मागत होता. नाही म्हटलं, तर नोकरी सोडतो म्हणून निघाला दाराकडे. मी म्हटलं, दार ओढून घ्या, एसी बाहेर जातो!"

"चेहरा आठवतो त्याचा?"

"छे हो! मी रिमोट शोधत होतो."

गुरुजीही हसले. मग म्हणाले, "चला, पुन्हा एकदा दारापर्यंत."

तर आता मूठ हातात होती. चेहरा पडलेला होता, तोही न ठरवता. मालकांनी मूठ फिरवली. हाक नाही. दार अर्धं उघडलं. हाक नाही. खोकून पाहिलं. शेवटी सगळी शिकवण गुंडाळून मान वळवली. टेबलापलीकडे खरेदीदार बाई कागदांखाली एसीचा रिमोट शोधत होत्या.

"दार ओढून घ्या," वर न बघताच त्या म्हणाल्या. "एसी बाहेर जातो. आणि हो, माझं ऑपरेशन छान झालं."