मातकट रंगाचं चित्र

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि आम्रपालीचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. तिच्या वडिलांचे मित्र, वाघोलीचे बिल्डर हिंमतराव मात्र तासभर तिच्या सर्वांत मोठ्या चित्रासमोर उभे होते. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता मातकट रंग होता.

"ह्ये मी घेतो. आन् उद्या तुझ्या आयटी कंपनीत राजीनामा दे. पाच वर्षं नुसती चित्रं काढ, घर मी चालवतो."

आम्रपाली चित्राकडे वळली. "काका, पण तुम्हाला यात दिसलं काय?"

हिंमतरावांचा चेहरा फुलून आला होता.

"मोकळी जागा, पोरी. तासभर बघतोय, आन् हितं किती मजले बसतील ह्ये एकदाबी मनात आलं न्हाई."