लांब पल्ल्याची सायकल

बाळांनो, कल्पना करा: दुकानात धर्मेंद्रभाऊ एकामागून एक सायकलींवर बसून बघताहेत. "सीट मऊ पायजे, हँडल उंच पायजे. लांब जानं शे, मन्ही कंबर दुखाले नको!" शहाद्याहून म्हसावदच्या शाळेपर्यंत सायकलने येऊन ते मुलांना व्यायामाचं महत्त्व सांगणार होते. त्याच शाळेत शिकणाऱ्या लेक रोशनीनं हे वर्गभर मिरवलं होतं.

त्या दिवशी सायकल पिकअपमध्ये चढली आणि पुढे रोशनीशेजारी पप्पाही बसले. शाळेअलीकडच्या वळणावर त्यांनी सायकल उतरवली, बाटलीतलं पाणी तोंडावर, शर्टावर शिंपडलं आणि धापा टाकत फाटक गाठलं. गळ्यात हार पडला, टाळ्या वाजल्या. मागून आलेल्या रोशनीला त्या ओल्या शर्टाची किळस आली.

 

तिनं सगळ्यांसमोर गाडीत राहिलेली तीच बाटली पुढे केली, "पप्पा, बाटलीमा आजून घाम शे. तोंडले लाई ल्या!"