अर्धा साचा

सकाळी सात वाजता खरेदीप्रमुख जुन्या फोरमनच्या दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या श्वासयंत्राची रबरी चकती फाटली होती. दवाखान्यानं उसनं दिलेलं यंत्र दुपारी परत जाणार होतं. चकत्या पूर्वी कंपनीच्या इथल्याच कारखान्यात बनायच्या. परदेशात स्वस्त पडतात म्हणून त्यानंच कारखाना बंद करवला, साचा तिकडे धाडला. आता मालाचं जहाज परक्या बंदरात अडकलं होतं. दाराला टेकवलेला लोखंडी ठोकळा दिसताच त्याचा जीव भांड्यात पडला. “काका, हा तर आपला जादाचा साचा! चकती निघेल ना?” “हा नुसता खालचा भाग, साहेब. आठवण म्हणून आणला.” “आणि वरचा?” “भंगारात. दोन्ही ठेवूया म्हणालो, तर तुम्हीच म्हणालात, म्हाताऱ्यांना अडगळ जमवायची खोडच असते.” तेवढ्यात बायकोचा फोन आला. “दवाखान्याची माणसं दुपारऐवजी आत्ताच यंत्र न्यायला आलीत. बाबांनी ते घट्ट धरलंय. काय सांगू?”