बिनआवाजाची गाडी

"दोन इंची पाइप टाकला तं आवाज किती येईन?" हिंमतरावांनी विचारलं.

निवृत्ती मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकला. "दोन इंचच बरोबर हाये भाऊसाहेब. सहा सिलिंडरचं इंजिन हाये हे. पावणेदोनचा टाकला तं धूर कोंडते, गाडी चढावर दम टाकते. सव्वादोनचा टाकला तं मोकळी पयते, पण कोसभर ऐकू येते."

"मले ऐकूच आली नाई पायजे."

"मंग मोठा सायलेन्सर लावतो एक."

"दोन लाव. एकामागं एक. अंगणात येऊन उभी राह्यली तरी घरातल्या माणसाले समजलं नाई पायजे."

चिखलीच्या बसस्टँडामागे निवृत्तीचं गॅरेज होतं. गाडीचा आवाज कमी कर, असं गेल्या पंधरा वर्षांत पुष्कळांनी सांगितलं होतं. पण असं कोणी सांगितलं नव्हतं.

"दोन लावले तं जोर कमी होईन."

"होऊ दे. जाताना सावकाशच जायचं हाये. येताना आवाज झाला तरी चालते."

"कुठं जायचं हाये?"

"बीबीले. उद्या सकाळी." हिंमतरावांनी मागचं दार उघडून आत पाहिलं. "ही मागची सीट काढून ठेव. माणूस आडवं झोपवता आलं पायजे. अन् कोणाजवळ बोलू नको."

ते गेले. निवृत्तीने पाना घेऊन मागच्या सीटचे नट सोडायला घेतले.

हिंमतराव अमडापूरचे मोठे शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण कोकिळा घरी न विचारता बीबीच्या एका माणसाशी लग्न करून गेली होती. त्या वेळी भर बाजारात हिंमतराव म्हणाले होते, 'दिसली तं जित्ती ठेवत नाई.' तेव्हापासून त्या घरात कोणी तिचं नाव काढलं नव्हतं.

दुपारी जेवायला बसल्यावर निवृत्तीने बायकोला सगळं सांगितलं. शालूबाई अमडापूरचीच. भाकर थापता थापता तिचा हात थांबला.

"कोकिळेले मारते तो," ती म्हणाली. "तुमी काऊन घेतलं हे काम?"

"नाई म्हटलं तं बुलढाण्याले नेईन गाडी. तिथं करून देतीन."

"पोलिसात सांगा."

"काय सांगू? गाडीले दोन सायलेन्सर लावले म्हणून?"

"तिले तरी कळवा."

"चिठ्ठी पोचायच्या आंधी तो पोचते."

तव्यावरची भाकर करपली. शालूबाईला ती उलटायचं सुचलं नाही. "नदीवर संगं जात होतो आमी," ती म्हणाली. "हसली का थांबतच नव्हती. तिचा जीव आता तुमच्या हातात हाये, समजलं?"

निवृत्ती अर्ध्या जेवणावरून उठला.

संध्याकाळपर्यंत त्याने दोन इंची पाइप बसवला, दोन्ही सायलेन्सर चढवले. वरवर पाहणाऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त दोन सायलेन्सरांच्या मधल्या जोडाचा क्लॅम्प त्याने पुरता आवळला नाही. मेहकरपर्यंत तो टिकला असता. नवं मराठी राज्य झालं होतं, पण पुढचा रस्ता जुनाच होता, खडीचा. तिथे नट हलले असते आणि बीबीच्या वेशीत शिरण्याआधी साऱ्या गावाला आवाज गेला असता. घाबरून का होईना, कोकिळा मागच्या दाराने पळाली असती.

सकाळी हिंमतराव आले. गाडी चालू केली. इंजिन चालतंय की नाही ते पाहायला निवृत्तीला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

हिंमतरावांनी वाकून कान दिला. मग निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवला.

"लय चांगलं काम केलं तू."

मागची सीट निघाली होती. तिथे त्यांनी घरून आणलेली जाड गोधडी नीट पसरली आणि गाडी मेहकरच्या दिशेने निघून गेली.

दिवसभर निवृत्तीचं कामात लक्ष लागलं नाही. एका जीपचं चाक काढलं ते त्याने दोनदा उलटं बसवलं. दुपारी शालूबाई डबा घेऊन आली आणि घरी गेलीच नाही, बाजूच्या टायरवर बसून राहिली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दुरून आवाज आला. आधी घरघर, मग फाटक्या नगाऱ्यासारखा धडधडाट. बसस्टँडवरची माणसं वळून पाहू लागली.

"सुटला जोड," निवृत्ती म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले. "ऐकलं असन तिनं."

शालूबाईने हात जोडले.

गाडी गॅरेजसमोर थांबली. पाइप रस्त्याला घासत होता. हिंमतराव उतरले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"अमडापूरपर्यंत जाईन इतकं तारेनं बांधून दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

निवृत्ती तार घेऊन मागे गेला आणि खिडकीतून त्याला दिसलं. गोधडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेलं माणूस. दाराच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. गोधडीबाहेर राहिलेल्या हातात एकच बांगडी होती.

शालूबाई किंचाळली.

निवृत्तीच्या हातातली तार पडली. समोर कोण उभं आहे याचं भान त्याला राहिलं नाही.

"सख्खी बहीण होती तुमची, भाऊसाहेब!"

हिंमतरावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "तिचीच चिठ्ठी आली होती. 'दादा, मारून मारून पाय मोडला माहा, चालता येत नाई, मले घेऊन जाय. पण गुपचूप ये. तुह्या गाडीचा आवाज आला की हे लोक मले विहिरीत टाकतीन.'"