घंटांचा दरवाजा

“यशोधरा, नवऱ्याकडं लक्ष दे गं. जिन्यातून लई हाका मारल्या, त्यानं मान वर केली न्हाई.” शेजारच्या गोजरबाई दारात उभ्या होत्या.

यशोधरा हसली. “मावशी, नवीन कॉम्प्युटर आलाय. आता कलेक्टरने हाक मारली तरी हे वळायचे नाहीत.”

गोजरबाई गेल्या. यशोधराने पाच वर्षांच्या निकिताला स्क्रीनपासून लांब, पलंगावर बसवलं. डोळ्यांवर उजेड नको. निकिता शिंकली तरी ती तिच्या कपाळाला हात लावून बघायची. पंकजची काळजी करायचं काही कारण नव्हतं. तो आठवडाभर वर्कशॉपमध्ये रणगाड्यांची इंजिनं चालवून तपासायचा आणि रविवारी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसायचा.

स्क्रीनवर एक बेट होतं. दगडी पायऱ्या, समुद्र, वर दीपगृह. या गेममध्ये मारामारी नव्हती. सगळी चित्रं आधीच काढून ठेवलेली. पायरीवर माउसने टिचकी मारली की पुढची पायरी. बघायचं, ऐकायचं आणि कोडं सोडवायचं.

पहिल्या बाळंतपणाला यशोधरा कोपरगावला माहेरी गेली होती. पंकज तिला भेटायला आला, तेव्हा तिच्या भावाच्या, तुषारच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोघं या बेटावर हिंडले. शेवटी घंटांचा दरवाजा आला. आतून घंटा वाजतात, त्याच क्रमाने आपण वाजवायच्या. पंकज तोंडाने सूर धरत होता, तेवढ्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. निकिता झाली. दरवाजा तसाच बंद राहिला. मग तो कॉम्प्युटरही गेला.

आता घरी नवा, वेगवान पेंटियम कॉम्प्युटर आला होता. तुषार स्वतः येऊन गेम टाकून गेला. सुरू केला तर समुद्र उकळायला लागला. होडी निघायच्या आधीच पोचली.

“दाजी, गेम म्हातारा आणि मशीन तरणंताठं,” तुषार म्हणाला. “याला लगाम घालावा लागंल.”

फ्लॉपीतून त्याने एक छोटा प्रोग्राम टाकला. मशीन हळू झालं, होडी नीट डुलायला लागली. पण आकाश गुलाबी! मग पंकजने स्क्रीनच्या रंगांची संख्या कमी करून दोनशे छप्पनवर आणली. आकाश निळं झालं. यशोधराने टाळ्या वाजवल्या.

अडलं ते आवाजापाशी.

“समुद्र येतो, दीपगृहाची घरघर येते,” पंकज म्हणायचा. “फक्त घंटा येत नाहीत. तुषारकडे किती स्पष्ट यायच्या!”

त्याने आवाजाचा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला. साउंड कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत बसवलं. तुषारने एसटीच्या कंडक्टरबरोबर दुसरं कार्ड पाठवलं. तरी घंटा नाहीत.

“मी ऐकून बघू का?” ती विचारायची.

“अजिबात नाही. तयार झाल्यावरच. इतकी वर्षं थांबलीस, आणखी थोडं थांब.”

त्या दुपारी मात्र त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. “गेमची सीडीच खराब आहे, यशू. काढून टाकतो सगळं.” आणि तो स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेला.

काढून टाकणार? यशोधरा चटकन खुर्चीत बसली. एकदा तरी तो दरवाजा बघू दे. तिने हेडफोन लावला, दरवाजावर टिचकी मारली आणि हेडफोन झटकन कानापासून लांब धरला. आवाज पूर्ण वाढवलेला होता.

आणि घंटा वाजत होत्या.

बारीक, काचेसारख्या, एकेक वेगळी. तिच्या अंगावर काटा आला. पुन्हा ऐकलं. मधली, डावी, वरची, पुन्हा मधली. त्याच क्रमाने तिने एकेक घंटा वाजवली. दरवाजाचा दगड सरकला. आत उजेड, वर जाणारा गोल जिना.

“अहो! उघडला!” तिने किंचाळून सांगितलं. “निकी, उघडला बघ!”

पंकज धावत आला. निकिताला उचलून त्याने गरकन फिरवलं. “अगं, कसं जमवलंस? अंदाजाने?”

“अंदाजाने कशाला? ऐकून! वाजतायत की घंटा.”

“काहीतरीच!” तो घाईघाईने बसला. एक टिचकी मारून त्याने दरवाजा पुन्हा बंद केला आणि हेडफोन लावला. स्क्रीनवर घंटा हलायला लागल्या. हेडफोनमधून निसटणारा तो बारीक आवाज यशोधराला पाठीमागे उभी राहूनही ऐकू येत होता. पलंगावरून निकिता त्या आवाजाबरोबर गुणगुणायला लागली. टिण, टिण, टण.

पंकजने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. डोळे मिटले. मग मान हलवून हसला.

“नाही गं. अजून येत नाहीत.”

तुमच्याही घरातलं कुणी दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभं राहत असेल, तर आज ते जेवायला बसलं की मनगटावरचं घड्याळ काढा, त्यांच्या कानाशी धरा आणि विचारा, टिकटिक येते का?